यूट्यूबची पहिली पिढी आता कुठे आहे?

ओसरी

भाचा चौदा वर्षांचा आहे. परवा जेवताना मोबाईल ग्लासला टेकवून फिदीफिदी हसत होता म्हणून डोकावलो, तर स्क्रीनवर स्मॉश या विनोदी यूट्यूब चॅनेलचे इयन आणि अँथनी. म्हटलं, अरे यांना मी २००६ पासून बघतोय. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी शिवाजी पार्कात गावसकरला बोल्ड केल्याची थाप मारतोय. त्याच्या लेखी हे दोघं कुठलेतरी 'नवीन चॅनेलवाले काका' आहेत.

तेव्हा मी ओहायोत एमएस करत होतो. चार मराठी पोरं, एक अपार्टमेंट आणि रस्त्यावरून उचलून आणलेला सोफा. एका कनेक्शनवर चौघं, त्यामुळे आधी व्हिडिओ लावून थांबवून ठेवायचा, मग कुकर चढवायचा. तिसऱ्या शिट्टीपर्यंत पट्टी भरली तर नशीब. आमच्या खोलीत तेव्हा यूट्यूब म्हणजे मुख्यतः हे दोघं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोजवळची शाळकरी दोस्तांची जोडी. २००५ च्या शेवटी त्यांनी पोकेमॉनच्या शीर्षकगीतावर नुसते ओठ हलवून जो धुमाकूळ घातला, तो काही काळ यूट्यूबवरचा सर्वात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ होता. २००७ मध्ये कॉपीराइटच्या तक्रारीवरून तो काढून टाकावा लागला. म्हणजे ज्या व्हिडिओने नाव झालं तोच गेला!

पण खरी गोष्ट पुढे आहे आणि ती मला भाच्याला सांगता सांगता नव्याने कळली. २०११ मध्ये त्यांनी स्मॉश एका मीडिया कंपनीला विकलं. कंपनीचं नाव अलॉय डिजिटल, पुढे विलीनीकरण होऊन डेफी मीडिया. मोबदला रोख नव्हे, शेअर्समध्ये. विशीतली पोरं ती, त्यांना वाटलं आता हिशोब-बिशोब दुसरं कुणीतरी बघेल, आपण फक्त विनोद करू. झालं उलटं. नोकर ठेवायला गेले आणि स्वतःच नोकर झाले. २०१७ च्या जूनमध्ये अँथनी बाहेर पडला. नोव्हेंबर २०१८ मध्ये डेफी एकाएकी बंद पडली, सगळे रस्त्यावर, शेअर्सची रद्दी. फेब्रुवारी २०१९ मध्ये ऱ्हेट आणि लिंक या दुसऱ्या जुन्या जोडीच्या मिथिकल कंपनीने स्मॉश विकत घेऊन वाचवलं. आणि जून २०२३ मध्ये इयन-अँथनीने त्यांच्याकडून बहुसंख्य हिस्सा परत विकत घेतला. स्वतःच ठेवलेलं नाव, स्वतःच पैसे मोजून सोडवून आणलं. गहाण पडलेली घरची जमीन सोडवल्यासारखं.

तर माझा मुद्दा असा, की त्या पहिल्या पिढीतले कोण टिकले आणि कोण गेले हे पाहताना 'टॅलेंट', 'नशीब' वगैरे नंतर. सातबारा कुणाच्या नावावर होता ते आधी बघा.

तुम्हाला कोण आठवतं? आणि त्यांचं पुढे काय झालं?

भोचक मावशी

धागा आवडला. पण सातबारा वगैरे ठीक आहे हो ओसरी, वयाचं काय करायचं?

आठवा तो फ्रेड. नेब्रास्काचा लूकस क्रुकशँक नावाचा मुलगा. सहा वर्षांच्या चिडक्या पोराचं सोंग करायचा, आवाज वेग वाढवून चिरका केलेला. माझी मुलगी दिवसभर ते लावायची, डोकं उठायचं. एप्रिल २००९ मध्ये दहा लाख सबस्क्रायबर झालेलं यूट्यूबवरचं पहिलं चॅनेल त्याचं. तेव्हा तो स्वतः पंधरा वर्षांचा. मग निकलोडियनने त्याच्यावर तीन चित्रपट केले, २०१०, ११, १२. नंतर? नंतर मुलाला दाढी आली! त्याने पुढे स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात वेगळं चॅनेल केलं. ते चाललं पण तसं नाही.

आपल्याकडे संगीत नाटक मंडळ्यांमध्ये हेच व्हायचं. पोराचा आवाज फुटला की काल शकुंतला असलेला आज पडदे ओढायला. फरक एवढाच की नाटक कंपनीतल्या त्या पोराला बारा वर्षांचा असतानाचा स्वतःचा आवाज रोज कुणी ऐकवत नव्हतं.

नकारघंटा

हलकेच घ्या, पण हा धागा म्हणजे 'शाळेतले हुशार विद्यार्थी सध्या काय करतात' छाप होणार. ज्यांची नावं आठवतात त्यांच्यावरच सगळं. २००६-०७ मध्ये हजारो लोक खोलीत वेबकॅमसमोर बसून बोलत होते. त्यातले बहुतेक दोन वर्षांत नोकरीला लागले, लग्न झालं, पासवर्ड विसरले. त्यांचं 'करिअर' बदललं नाही कारण ते करिअर नव्हतंच. जाहिरातीतला वाटा मिळायला लागला तोच २००७ मध्ये, आणि तोही आधी निवडक लोकांना.

ओसरी

@नकारघंटा, मान्य. आणि म्हणूनच मला त्या आधीच्या दोन वर्षांचं कौतुक आहे. एक पैसा नव्हता तरी लोक करत होते. पासवर्ड विसरलेल्यांपैकी कुणी इथे असेल तर हात वर करा!

बिटबाई

मी याच क्षेत्रात आहे (यूट्यूबमध्ये नाही, उगाच विचारपूस करू नका). भावनेचं तुम्ही बोलताय, मी यंत्राचं बोलते.

साधारण २०१२ पर्यंत व्हिडिओ किती वेळा उघडला गेला यावर त्याची शिफारस व्हायची. त्यामुळे दोन-तीन मिनिटांचं चटपटीत प्रहसन, भडक थंबनेल, काम झालं. २०१२ मध्ये यूट्यूबने माप बदललं. किती लोकांनी उघडलं यापेक्षा किती वेळ बघितलं याला वजन. एका फटक्यात वडापाववाल्याला सांगितलं की आता गिऱ्हाईक किती वेळ टेबलावर बसतं त्यावर तुझा गल्ला ठरणार. प्रहसनवाले मार खाऊन गेले. तीन मिनिटांच्या प्रहसनाला लेखन, कपडे, शूटिंग, संकलन मिळून आठवडा जातो. तेवढ्या वेळात गेम खेळत बडबडणारा माणूस दहा तासांचा माल टाकतो.

ऱ्हेट आणि लिंकचं उदाहरण घ्या. नॉर्थ कॅरोलायनाचे, पहिलीपासूनचे मित्र, दोघंही शिकून इंजिनीअर. सुरुवात गाणी आणि विनोदी जाहिरातींपासून. २०१२ च्या जानेवारीत त्यांनी रोजचा गप्पांचा कार्यक्रम सुरू केला. एक टेबल, दोन खुर्च्या, समोर काहीतरी विचित्र खायला. तो आजही चालू आहे. त्यांनी मुद्दाम हवा ओळखली की योगायोग, ते त्यांनाच ठाऊक, पण पन्नाशीकडे झुकलेल्या माणसालाही रोज झेपेल असं काम त्यांनी तिशीत निवडलं. मावशींच्या वयाच्या मुद्द्याचं उत्तर यात आहे. फ्रेडला ते शक्यच नव्हतं.

दुपारचा चहा

वाचनखूण साठवली. मला या सगळ्यांत ते इंग्लंडचे आजोबा आठवतात, जेरियाट्रिक१९२७. खरं नाव पीटर ओकली. जन्मसाल हेच टोपणनावात. ऑगस्ट २००६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, पहिला व्हिडिओ टाकला. हेडफोन लावून खोलीत बसलेले, मागे वॉलपेपर, आणि म्हणणं एवढंच की तुम्हा तरुणांचं बघून बघून मलाही व्यसन लागलंय, तर मीही जरा आयुष्याबद्दल कुरकुर करीन म्हणतो. थोड्याच दिवसांत ते यूट्यूबवरचे सर्वाधिक सबस्क्रायबर असलेले होते! जगभरच्या वाहिन्या मुलाखतीसाठी मागे लागल्या. त्यांनी काय केलं? तसंच बसून बोलत राहिले. युद्धातली रडारची नोकरी, मोटरसायकली, वैधव्य (पुरुषासाठी विधुरपण म्हणतात का? असो). काही महिन्यांत त्यांच्या पुढे बरेच जण गेले, त्यांना फरक पडला नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये शेवटचा व्हिडिओ केला, कर्करोग झाल्याचं सांगितलं, निरोप घेतला. पुढच्या महिन्यात गेले.

मी तो निरोपाचा व्हिडिओ ऑफिसात बघितला आणि मग बराच वेळ टॉयलेटमध्ये होतो.

सांजसावली

+१ आजोबांना. माझ्या सासऱ्यांना मी त्यांचे व्हिडिओ दाखवायचे, ते म्हणायचे, "याचं इंग्रजी कळतंय मला." केवढं मोठं प्रशस्तिपत्र!

शिवडीकर

एरवी वाचनमात्र असतो, पण इथे राहवलं नाही.

व्लॉगब्रदर्स कुणीच कसे काढले नाहीत? जॉन आणि हँक ग्रीन, सख्खे भाऊ. १ जानेवारी २००७ पासून वर्षभर एकमेकांना लिहून काही कळवायचं नाही, ईमेल नाही, मेसेज नाही, फक्त आळीपाळीने व्हिडिओ, असा पण केला. वर्ष संपलं, व्हिडिओ संपले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात व्हिडिओवाल्यांचं संमेलन भरवलं, व्हिडकॉन. ते २०१८ मध्ये व्हायाकॉमला विकलं. क्रॅश कोर्स नावाचं शिकवण्याचं चॅनेल काढलं, ज्यावर आज आमच्याकडची पोरंही इतिहास-जीवशास्त्र शिकतात. जॉन कादंबरीकार म्हणून गाजला.

पण मी लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी. माझं काम क्षयरोगाशी संबंधित आहे. बेडाक्विलिन हे औषध इतर औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर चालतं. त्याच्या पेटंटची मुदत जॉन्सन अँड जॉन्सनला वाढवून हवी होती. आपल्या पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये ती मागणी फेटाळली. आक्षेप नोंदवणाऱ्या दोघी स्वतः या आजारातून उठलेल्या. एक दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दुसऱ्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन, ज्यांची श्रवणशक्ती उपचारांत गेली. त्याच वर्षी जुलैत जॉन ग्रीनने आपल्या प्रेक्षकांना या विषयावर अक्षरशः कामाला लावलं, आणि काही दिवसांत कंपनीचा या औषधाच्या स्वस्त जेनेरिक आवृत्त्यांच्या पुरवठ्याबाबतचा करार जाहीर झाला. श्रेय एकट्या त्याचं नाही, वर्षानुवर्षं लढणारे वेगळे आहेत. पण आमच्या वॉर्डाबाहेर ज्या आजाराचं कुणी नाव काढत नाही, त्यावर हा माणूस भावाला उद्देशून दर आठवड्याला बोलतो. २००७ मध्ये विनोद करणारा हाच, हे मला अजून खरं वाटत नाही.

ओसरी

शिवडीकर, हे माहीतच नव्हतं. दंडवत. वाचनमात्र राहू नका.

नकारघंटा

हे मात्र मानलं. (स्क्रीनशॉट काढून ठेवा, परत म्हणणार नाही.)

टोपीखाली

जेना मार्बल्स? २०१० ला एका व्हिडिओने रातोरात स्टार, दहा वर्षांत दोन कोटींच्या आसपास सबस्क्रायबर, आणि जून २०२० मध्ये जुन्या काही व्हिडिओंबद्दल माफी मागून थांबली ती थांबलीच. पंचविशीत केलेला वाईट विनोद पस्तिशीच्या उंबऱ्यावर दारात उभा. आमच्या पिढीचे वाईट विनोद होस्टेलच्या भिंतीबरोबर रंगवले गेले, म्हणून आम्ही सज्जन.

भोचक मावशी

सज्जन कसले, पुरावा नाही म्हणून सुटलात!

अवांतर: आपल्या बायका राहिल्या. मी २००८ ला टेक्सासात आले तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मंजुला जैन यांचे व्हिडिओ बघून पराठे शिकले. त्या २००६ पासून करत होत्या. पांढरा ओटा, शांत आवाज, ना संगीत ना आरडाओरडा. कांदा-लसूण नाही, त्यामुळे सासूबाईही खूश. आणि आपली मधुरा बाचल. २००९ च्या सुमारास अमेरिकेत असताना इंग्रजीतून सुरुवात केली. मग पुण्यातून मराठी चॅनेल काढलं आणि तिथे खरी उसळी! आता तिच्या नावाचे मसाले दुकानात मिळतात. ओसरींचा सातबारा तिच्याच नावावर आहे बघा. आणि स्वयंपाकाला वय आडवं येत नाही, उलट केस पिकले की पुरणपोळीवर विश्वास वाढतो.

बिटबाई

मावशी, मधुराचं उदाहरण फार महत्त्वाचं आहे. इंग्रजीतून मराठीत आल्यावर वाढ झाली, हे २०१० मध्ये कुणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो. मधे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं. डेटा स्वस्त झाला आणि बघणारी माणसंच बदलली. भाडिपा (भारतीय डिजिटल पार्टी, मराठी विनोदी व्हिडिओवाले) तीही २०१६ चीच. नाटकातली, आधी दुसऱ्यांच्या चुका पाहिलेली मंडळी. पहिल्या पिढीला हे सुख नव्हतं, त्यांच्यापुढे चुकलेलं कुणी नव्हतंच.

पेटीमास्तर

मंडळी नमस्कार. ओसरींनी हात वर करायला सांगितलं म्हणून. मी मोठा नाही, पण जुना आहे. मिरजेत घरी पेटीच्या शिकवण्या घेतो. २००९ मध्ये एक विद्यार्थिनी लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, तिचा भूप अर्धा राहिला होता, म्हणून तिच्यापुरतं चॅनेल काढलं.

मेव्हण्याचा हँडीकॅम, मिनी-डीव्ही टेपवाला. स्टँड नाही. धान्याच्या दोन डब्यांवर पाट आणि पाटावर कॅमेरा. दहा मिनिटांच्या वर टाकता येत नसे, त्यामुळे भाग १, भाग २ करताना तान मधेच तुटायची. बीएसएनएलचा आमचा प्लॅन रात्री २ ते सकाळी ८ फुकट. गजर लावून दोनला उठायचं, अपलोड लावायचं, परत झोपायचं. आठच्या आत नाही झालं तर मीटर पडायला सुरुवात. पावसाळ्यात लाईन गेली की ९७ टक्क्यांवरून पुन्हा शून्य. सौ. म्हणायची, "एवढ्या वेळात न्यू जर्सीला जाऊन शिकवून आला असतात."

२०१३ मध्ये एका नेटवर्कची ईमेल आली. तुमचं चॅनेल आमच्या छत्राखाली आणा, वाढवून देतो, कमाईतले तीस टक्के आमचे. चौदा पानी इंग्रजी करार. मी घर घेताना करार वाचला होता, हा नाही वाचला. फुकट येतंय त्याला काय वाचायचं! वाढ काही झाली नाही. दीड वर्ष थोडे पैसे आले, मग थांबले. ईमेल परत यायला लागल्या. सोडायचं म्हटलं तर करार आपोआप नव्याने सुरू झालेला. ओसरींनी डेफीचं लिहिलंय ना, तिथेही असंच बऱ्याच जणांचे पैसे अडकल्याचं वाचलं होतं. त्यांचं लाखांचं, माझं साडेअकरा हजारांचं. झोप सारखीच उडते.

शेवटी करारातून सुटलो आणि २०१८ च्या फेब्रुवारीत नियम आला: १००० सबस्क्रायबर आणि वर्षात प्रेक्षकांनी बघितलेले ४००० तास नसतील तर जाहिरातीचे पैसे बंद. माझे सबस्क्रायबर ६४०. पैसे बंद. खरं सांगू? त्या रात्री बरं वाटलं. दर महिन्याला डॉलरचा आकडा बघून तोंड पाडून बसायचो ते संपलं.

लॉकडाऊनमध्ये त्याच जुन्या व्हिडिओंवरून लोक शोधत आले. आज ऑनलाइन अकरा विद्यार्थी आहेत, दोन न्यूझीलंडचे. ते यूट्यूबला माहीत नाही आणि त्याच्या हिशोबात माझं चॅनेल मेलेलंच आहे. पासवर्ड मात्र विसरलेलो नाही.

ओसरी

मास्तर, धागा वसूल झाला. मी सातबारा सातबारा करत बसलो, पण तुमच्या बाबतीत नाव तुमचं, चॅनेल तुमचं, तरी करार एकाचा आणि नियम तिसऱ्याचा. जमीन आपली असली तरी कालव्याचं पाणी कुणाच्या हातात, हेही बघायला हवं होतं मी.

नकारघंटा

शेवटी मीच म्हणालो तेच ना, की बहुतेकांचं ते करिअर नव्हतंच?

पेटीमास्तर

@नकारघंटा, होय. पेटी करिअर होती, आहे. यूट्यूब ही पाटी होती, दारावरची. पहिली काही वर्षं मी पाटीलाच घर समजलो.

दुपारचा चहा

मास्तर, त्या न्यू जर्सीच्या विद्यार्थिनीचा भूप पूर्ण झाला का?

पेटीमास्तर

नाही. भाग ४ नंतर तिला जुळं झालं. आता तिची मुलगी शिकते माझ्याकडे, शनिवारी सकाळी, त्यांची शुक्रवार रात्र. परवा तिने सगळे जुने भाग बघून तक्रार केली की "आजोबा, तुमचा भाता ओढणारा हात कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही." खरंय. पाट तेवढाच रुंद होता.

भोचक मावशी

अहो मग नवीन टाका की एक, दोन्ही हात दिसतील असा! लिंक इथेच द्या. आणि पट्टी कुठली घेणार ते आधी सांगा, माझी पेटी माळ्यावर आहे, काढायला मुलगा लागतो.

पेटीमास्तर

काळी दोन. रविवारी टाकतो. आता दोनला उठावं लागत नाही.